वैद्यविद्येचे ऋण

बारावी व नीट परीक्षांचे निकाल लागले की धर्मग्रामाच्या कार्यालयाबाहेरील बाकावर दरवर्षी दोन-तीन कुटुंबे येऊन बसतात. आई, वडील आणि मधोमध मुलगा किंवा मुलगी. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात गुणपत्रिका, बाप्तिस्म्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. बोलण्यास सुरुवात बहुधा आई करते. "फादर, मेडिकलला नंबर लागलाय," असे ती म्हणते. पण तिच्या स्वरात आनंदापेक्षा धास्तीच अधिक असते, कारण पुढचे वाक्य तिला ठाऊक असते आणि आम्हांलाही. पैसे कोठून आणायचे?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील धर्मग्रामांत सेवा करताना आम्ही हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की, तो आजच्या महागाईतून जन्मला असावा असेच आम्हांला वाटत असे. पण या नगरीचा इतिहास चाळू लागल्यावर ध्यानात आले की, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. डॉक्टर घडविण्याचा खर्च सामान्य घराला कधीच पेलवला नाही. तो नेहमी दुसऱ्या कोणीतरी उचलला आहे: कधी सरकारने, कधी शेठसावकारांनी, कधी संस्थानिकांनी, कधी ख्रिस्तसभेने आणि आता बँकेने. आणि ज्याने तो उचलला, त्याने त्या बदल्यात काहीतरी मागितले आहे. काय मागितले, हेच या लेखात पाहावयाचे आहे.

जमशेटजींचा लाख

मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली निधन पावले. या नगरीत एतद्देशीय तरुणांसाठी वैद्यकीय महाविद्यालय असावे, ही त्यांची इच्छा होती. त्यांच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला आणि १८४५ साली भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारच्या रुग्णालयासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी लाखाहून अधिक रुपये दिले, पण त्यांनी एक अट घातली. सरकारनेही आपला वाटा उचलला पाहिजे. दान देणाऱ्याने सरकारला जबाबदारीतून मोकळे होऊ दिले नाही, ही गोष्ट आजही मननीय आहे.

त्या काळी शुल्काचा प्रश्न आजच्या नेमका उलट होता. वैद्यक शिकण्यास मुले मिळत नसत. शवविच्छेदनाची भीती होती, समाजाचा रोष होता. म्हणून कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३५ पासून विद्यार्थ्यांना उलट विद्यावेतन दिले जाई, आणि मुंबईतही आरंभी तोच मार्ग पत्करण्यात आला. सरकारला आपल्या दवाखान्यांसाठी माणसे हवी होती. विद्यावेतन हे दान नव्हते, ती नोकरीची आगाऊ उचल होती.

१८५१ साली या महाविद्यालयातून पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांतील डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. आत्माराम पांडुरंग ही नावे मराठी वाचकाला सुपरिचित आहेत. पण आरंभीच्या याच पदवीधरांत डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ हे गोमंतकीय कॅथलिकही होते. पुढे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक म्हणून त्यांचा लौकिक झाला. डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हेही याच महाविद्यालयाचे. १८९६ साली मांडवी भागात फैलावणारा ताप हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, हे त्यांनी प्रथम ओळखले आणि नगराला सावध केले. पुढे ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. एका माणसाच्या शिक्षणावर झालेला खर्च या नगरीला किती पटींनी परत मिळाला, याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडता येणार नाही.

दोनशे रुपये आणि एक अट

स्त्रियांच्या वाट्याला हे विद्यावेतनही प्रथम आले नाही. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले, तेव्हा त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्या पगारात अमेरिकेचा प्रवास अशक्य होता. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून साहाय्य मागितले. उत्तरात साहाय्याऐवजी ख्रिस्ती होण्याचा उपदेश आला. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील मिशनच्या नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. त्यांनी मात्र कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना आपले घर उघडून दिले.

हा प्रसंग आम्हां धर्मगुरूंना अस्वस्थ करणारा आहे. एका ख्रिस्ती माणसाने मदतीच्या दारात अट ठेवली, दुसऱ्या ख्रिस्ती स्त्रीने दार सताड उघडले. दोघेही एकाच शुभवर्तमानाचे वाचक होते.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे निक्षून सांगितले. त्यानंतर मदतीचा ओघ सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी दोनशे रुपये पाठविले. आनंदीबाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. मार्च १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. त्या पदावर काम करण्याचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते.

तोवर मुंबईत वारे पालटले होते. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी स्त्री-वैद्यकीय साहाय्यासाठी निधी उभारला. १८८३ साली ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे स्त्रियांना खुली झाली, आणि १८८६ साली पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून कामा रुग्णालय उभे राहिले. रखमाबाई यांच्या लंडनमधील शिक्षणासाठीही डॉ. एडिथ पीची व इतर हितचिंतकांनी निधी जमविला. १८९४ साली डॉक्टर होऊन त्या परत आल्या आणि सुरतेत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

देणगी नव्हे, कर्ज

या साऱ्या दानशूरांच्या मालिकेत जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी १८९२ साली एक निराळी वाट पाडली. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी त्यांनी निधी स्थापिला, पण त्यातून मिळणारी रक्कम देणगी म्हणून न देता कर्ज म्हणून दिली. विद्यार्थी कमावता झाला की त्याने ती परत करावी आणि त्या पैशातून पुढच्याने शिकावे, अशी ती योजना. या निधीच्या पहिल्या मानकऱ्यांत डॉ. फ्रेनी कामा या स्त्रीवैद्य होत्या. कर्जरूपी शिष्यवृत्तीची ही कल्पना आजही चालू आहे. घेणाऱ्याची मान खाली जात नाही आणि देणाऱ्याचा पैसा संपत नाही, हे तिचे दोन गुण.

आपल्या समाजालाही ही दृष्टी परकी नव्हती. १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा समाजाचे शिक्षण हे तिचे एक प्रमुख ध्येय होते. १९१८ साली वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था उभी राहिली, तीच आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे, असे मानणारे धर्मगुरू तेव्हा होते. ते मिस्सेबरोबर हिशेबाच्या वह्याही तपाशीत.

विसाव्या शतकात मुंबईने आणखी महाविद्यालये पाहिली. असहकाराच्या चळवळीत १९२१ साली राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, जे पुढे महापालिकेकडे येऊन टोपीवाला महाविद्यालय झाले. १९२६ साली परळला सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाचे महाविद्यालय व केईएम रुग्णालय उभे राहिले. तेथे अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. १९६४ साली शीवला लोकमान्य टिळक महाविद्यालय आले. सरकार व महापालिका यांच्या या संस्थांत शुल्क अल्प होते. बोरिवलीचा किंवा मुलुंडचा मुलगा पहाटेची लोकल पकडून परळला जाई आणि वडिलांच्या गिरणीतल्या वा कारखान्यातल्या पगारावर डॉक्टर होई. जागा मात्र मोजक्या होत्या. पश्चिम उपनगरांत महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय यावयास २०१५ साल उजाडले. ते विलेपार्ल्यातील कूपर रुग्णालयाशी जोडलेले आहे.

न्यायालयाची दारे

१९८० नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान महाविद्यालयांचे युग आले. जागा वाढल्या, पण त्यांबरोबर 'कॅपिटेशन फी' हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याविरुद्ध राज्यात कायदाही झाला. १९९२ साली मोहिनी जैन या विद्यार्थिनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. कर्नाटकातील खाजगी महाविद्यालयांत एम. बी. बी. एस. च्या सरकारी जागेसाठी वर्षाला दोन हजार, राज्यातील इतरांसाठी पंचवीस हजार आणि परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी साठ हजार रुपये असे दर होते. अशी आकारणी म्हणजे शिक्षणाची विक्री होय, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा कमी शुल्काच्या आणि निम्म्या पूर्ण शुल्काच्या, अशी व्यवस्था झाली. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तीही रद्द ठरविली. आता महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण खाजगी महाविद्यालयांचे शुल्क ठरविते.

या निकालांच्या धामधुमीत काय घडत होते, ते आम्ही एका घरात पाहिले आहे. १९९८ साल होते. आम्हांला गुरुदीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते आणि पश्चिम उपनगरातील एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक होतो. गावठाणातील एका मुलीला पूर्ण शुल्काची जागा मिळाली. वडिलांचा कारखाना बंद पडला होता. प्रवेशाचे पैसे भरण्यास आठ दिवस होते. एका बँकेत गेलो, तिने तारण मागितले. तारण म्हणून कौलारू घर होते, पण ते आजोबांच्या नावावर होते आणि त्याला सात वारस होते. सहा सह्या झाल्या. सातव्या वारसाने, आखातातून, नकार कळविला. नववा दिवस उजाडला आणि जागा दुसऱ्याला गेली.

त्या संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो आणि "देवाची इच्छा" असे काहीतरी बोललो. मुलीने मान वर केली नाही. आज आम्हांला वाटते की, ती देवाची इच्छा नव्हती. ती एका न झालेल्या वाटणीपत्राची आणि आठ दिवसांच्या मुदतीची करामत होती, आणि तिला देवाचे नाव देऊन आम्ही आपली सुटका करून घेतली होती.

बँकेचा हप्ता

त्यानंतर तीनच वर्षांनी, २००१ साली, देशातील बँकांसाठी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. देशातील शिक्षणासाठी साडेसात लाखांपर्यंत कर्ज आणि चार लाखांपर्यंत तारण नाही, असे तिचे स्वरूप होते. ती तीन वर्षे आधी आली असती तर, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. पुढे मर्यादा वाढल्या, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शिक्षणकाळातील व्याजाचा भार केंद्र शासनाने उचलण्याची योजना २००९ साली आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडक गुणवत्तेच्या संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी तारणाविना व जामिनाविना कर्जाची पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली.

तरीही पालकांनी डोळे उघडे ठेवून हिशेब करावा. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास असते. खाजगी महाविद्यालयाचे दहा लाखांच्या घरात किंवा त्याहून अधिक, आणि अभिमत विद्यापीठांत ते वीस लाखांच्याही पुढे जाते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व राहण्याखाण्याचा खर्च धरून समजा पन्नास लाखांचे कर्ज झाले. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत ते फेडावयाचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६६ हजार रुपये होतो आणि एकूण परतफेड ७९ लाखांवर जाते. बँक शिक्षण संपल्यानंतर साधारण वर्षभर थांबते. पण डॉक्टरचे शिक्षण तेव्हा संपलेले नसते. तो पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करीत असतो. हप्ता दारात उभा, आणि मुलगा अजून विद्यार्थीच. असा डॉक्टर पुढे गरिबांच्या वस्तीत दवाखाना थाटील, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

म्हणून कर्जाआधी शिष्यवृत्तीचा विचार व्हावा. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे पूर्ण शुल्क माफ केले. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला मात्र ही सवलत नाही. अल्पसंख्याकांसाठी २००० साली स्थापन झालेले मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळ ख्रिस्ती विद्यार्थ्यांनाही अल्प व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. यांसाठी लागणारे दाखले अंधेरी, बोरिवली वा कुर्ला तहसील कार्यालयातून निकालाच्या आधीच काढून ठेवावेत. कित्येक घरे सवलतीला पात्र असूनही केवळ एका कागदावाचून तिला मुकलेली आम्ही पाहिली आहेत.

सेवेने फेडलेले ऋण

ऋण फेडण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो सेवेचा. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शासन शिकविते आणि डॉक्टर सैन्यात सेवा करून ते फेडतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत ग्रामीण सेवा केलेल्या पदवीधरालाच पदव्युत्तर शिक्षणाची वाट मोकळी होते. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांत पदवीनंतर एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र असते. अनेक वर्षे त्यातून दंड भरून सुटण्याची वाट होती आणि दंडाची रक्कम दहा लाखांपर्यंत गेली होती. ज्याच्या घरी दहा लाख होते त्याला गाव टाळता येई, ज्याच्या घरी नव्हते तो गावी जाई. सेवेची किंमत पैशात ठरविली की असे होते.

अमेरिकेत याच्या उलट रीत आहे. तेथे विद्यार्थी आधी प्रचंड कर्ज काढतो, आणि मग डॉक्टर नसलेल्या भागात काम केले तर राष्ट्रीय आरोग्य सेवा दल त्याच्या कर्जाचा वाटा फेडते. २००७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक सेवेत दहा वर्षे हप्ते भरणाऱ्याचे उरलेले संघीय कर्ज माफ होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाला डॉ. रूथ गॉट्समन यांनी शंभर कोटी डॉलर दिले आणि तेथील शुल्कच संपले. आपल्याकडे आधी कर्ज व मागाहून सेवेने माफी, अशी व्यापक योजना अद्याप रुजलेली नाही. ती असावी, असे आमचे मत आहे.

ख्रिस्तसभेनेही सेवेची वाट चोखाळली. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोवरी शिष्यवृत्तीच्या बळावर डॉक्टर झाल्या, १९२० साली गुंटूरला आल्या आणि व्रतस्थ भगिनी होऊन त्यांनी रुग्णसेवा केली. त्या काळी धर्मभगिनींच्या वैद्यकीय कामावर बंधने होती. प्रसूतिशास्त्राची मोकळीक रोमने १९३६ साली दिली. १९४३ साली ग्लोवरी यांनी कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापिली आणि भारतात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे, हे स्वप्न पाहिले. १९६३ साली बंगळूरला बिशपांच्या परिषदेने सेंट जॉन्स महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्या हयात नव्हत्या. तेथील पदवीधर दोन वर्षे उपेक्षित भागांत सेवा करण्याचे वचन देतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही ख्रिस्ती संस्थांनी पुरस्कृत केलेला विद्यार्थी त्यांच्या रुग्णालयात सेवा करून ऋण फेडतो. आपल्या उपनगरांतून या संस्थांकडे अर्ज करणारी मुले फारच थोडी. आम्हीच त्यांना वेळेवर सांगत नाही.

शेवटची गोष्ट

१९९८ ची ती मुलगी परिचारिका झाली. आखातात अनेक वर्षे तिने नोकरी केली, भावंडांना शिकविले. गेल्या नाताळात ती आम्हांला भेटावयास आली आणि एक पाकीट पुढे केले. "गावठाणातल्या पुढच्या मुलासाठी," ती म्हणाली. आम्ही पावतीवर 'देणगी' लिहू लागलो, तेव्हा तिने थांबविले. "देणगी नको लिहू, फादर. कर्ज लिहा. फुकट घ्यायला मुलं लाजतात."

तिच्या पैशातून वर्षाचे शुल्क भरणार नाही. पण बँकेचे कर्ज मंजूर होऊन हाती येईपर्यंत काही आठवडे जातात आणि प्रवेशाची मुदत काही दिवसांतच संपते, तेवढी मधली फट ते पैसे बुजवू शकतात. बँकेचे पैसे आले की ते परत येतील आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडतील. दोन सज्जन हिशेबनीस, एक वही आणि धर्मगुरूच्या मर्जीवर न चालणारे नियम एवढे असले की, हा निधी प्रत्येक धर्मग्रामात उभा राहू शकतो. मोन्सिनियर मोनीस यांनी शतकापूर्वी याहून मोठे काम केले.

आणि आणखी एक विनंती. ज्यांच्या गावठाणातील घराचे वाटणीपत्र झालेले नाही, त्यांनी ते करून घ्यावे. मूल आज पाचवीत असले तरीही. आठ दिवसांत सात सह्या मिळत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे.